रविवार कारंज्यावर, रविवारी

रविवार कारंज्यावर आमचं दुकान
आणि रविवारी बंद.
समोरचा भांडीवाला दर शनिवारी तोच विनोद करायचा:
उजगरे, पाटी तरी बदला,
नाहीतर चौकाचं नाव.
पपा हसायचे, कुलूप दोनदा ओढून बघायचे.

आठवडाभर रोज सकाळी स्टुलावर चढून
ते भिंतीवरच्या घड्याळांचे कान पिळत.
रविवारी नाही.
म्हणजे रविवारी दुपारपर्यंत
बंद शटरच्या आत
एकेक घड्याळ थांबत जात असणार.
सोमवारी पाहावं तर प्रत्येकाचं वेगळंच:
एकाचे अकरा वीस, एकाचे पावणेदोन,
आणि एक हट्टी जर्मन, थेट चारपर्यंत गेलेलं.

घरी शनिवारीच रस्सा शिजायचा,
बुटांना पॉलिश, तुटल्या गुंड्यांना दोरा.
रविवारी सुई नाही, कात्री नाही, गणिताची वही नाही.
नाव मार्था ठेवलंय पोरीचं
आणि कामाला हात लावू देत नाहीत, आई म्हणायची.

मला तो दिवस आवडायचा, असं काही नाही.
गोल्फ क्लबवर सर्कस लागलेली, तीनचा खेळ,
आणि आम्ही शालिमारवरून चालत चालत शरणपूरला,
उपासना संपल्यावरही चिंचेखाली बसलेलो.
मोठी माणसं आजाऱ्यांची नावं घेत बोलत.
मी मुंग्या मोजायचे.
मोजणं हे काम आहे का,
हे पाळकसाहेबांना विचारायचं राहूनच गेलं.

मग त्या वर्षीचा रमजान.
रविवारी दिवेलागणीला बागवानपुऱ्यातून जमीलाखाला आली,
ओढणीत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ घेऊन.
एकटी राहते, बोलली,
हे वाजलं नाही तर सहेरीला उठवणार कोण?
पपांनी घड्याळ कानाला लावलं.
मग आईकडे पाहिलं.
मग बराच वेळ कुणाकडेच नाही.
आणि चपला घातल्या.

शटर अर्धंच उचललं, चोरासारखं.
मी टॉर्च धरलेला.
तेव्हा पहिल्यांदा दिसली मला ती भिंत,
सगळे काटे जिथल्या तिथे.
लंबक सरळ, खाली लोंबत.
इतकं गप्प
मी देवळातही कधी ऐकलं नव्हतं.
पपासुद्धा, चिमटा हातात,
थोडा वेळ नुसते उभे.
त्यांनीही हे कधी पाहिलं नव्हतं, हे मला फार नंतर सुचलं.

पैसे घेतले नाहीत.
रात्री प्रार्थनेत खड्ड्यात पडलेल्या बैलाचं काहीतरी म्हणाले.
धाकटा विचारत राहिला, कोणता बैल?
सोमवारी खजूर आले, वर्तमानपत्रात बांधलेले.

आता मी सिव्हिलला, स्त्री वॉर्ड.
महिन्यातले तीन रविवार ड्यूटीवर जातात.
देवळातली माझी जागा
कुणाची तरी पर्स सांभाळते.
पाळक म्हणतात, देव समजून घेतो.
घेत असेल. मला मात्र गाणं ऐकू येत नाही,
सलाइन संपल्याची हाक येते.

माझा रविवार कधी मंगळवारी येतो, कधी गुरुवारी,
पाहुण्यासारखा, न कळवता.
त्या दिवशी मी पपांचं घड्याळ,
ज्यावर सहा दिवस दुसऱ्यांच्या नाड्या मोजते,
मनगटावरून काढते, किल्ली देत नाही.
शनिवारचा शिळा रस्सा नसतो, खिचडी असते.
स्तोत्र मोठ्याने वाचते, एकटीच,
कुकरच्या शिट्टीला थांबून.
हा शब्बाथ म्हणायचा का, ठाऊक नाही.
ड्रॉवरमध्ये ते कधी थांबतं, बघत नाही.

दुसऱ्या दिवशी बस धरायला निघाले की
वेळ विचारावी लागते,
बहुतेक त्या भांडीवाल्याच्या नातवाला.
तो मोबाईल काढतो, आधी माझ्याकडे बघतो.
ताई, तुम्ही घड्याळवाल्याची मुलगी ना?